सकाळी जुन्या गाड्या, दुपारी घाट: साताऱ्यातला शरदातला एक रविवार

आपल्याकडे शरद झाडांच्या पानांत दिसत नाही, पानगळ शिशिरातली. सातारा-सांगली पट्ट्यात शरद दिसतो तो गवतात. घटस्थापनेला हिरवंगार असलेलं पठार कोजागिरीपर्यंत पिवळसर होतं आणि दिवाळीपर्यंत सोनेरी. हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, धरणं भरलेली असतात आणि रस्ते कोरडे असतात. गाडी घेऊन बाहेर पडायला वर्षातले हे पाच-सहा आठवडे सगळ्यात चांगले. जुन्या मोटारसायकलींची प्रदर्शनं आणि क्लबांचे मेळावेही पाऊस संपल्यावरच भरतात, कारण चिखलात क्रोम कोण आणणार? दोन्ही एका दिवसात जमवायचं तर थोडा हिशेब लागतो.

हिशेब घड्याळाचा आहे. ऑक्टोबरच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात घाटात मिट्ट काळोख होतो. म्हणजे साडेपाचला घाट उतरून खाली असायचं. तिथून मागे मोजा: अकरा-साडेअकराला प्रदर्शनाचं मैदान सोडायचं, तर तिथे आठ-साडेआठलाच पोचलं पाहिजे. सांगलीहून येणाऱ्यांनी पेठ नाका, कराडमार्गे सव्वाशे किलोमीटर धरावेत. महामार्गाच्या सहापदरीकरणाची वळणं मध्ये लागतात, तेव्हा पहाटे साडेपाचला निघालेलं बरं.

आधीचा आठवडा

चार महिने पावसात चाललेली, किंवा चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी थेट घाटात नेऊ नका. उभी राहिलेली जास्त त्रास देते.

सुरुवात पेट्रोलपासून. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकीत पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. कार्बोरेटरवाली गाडी मग किकला दाद देत नाही, किंवा सुरू होऊन शंभर मीटरवर बंद पडते. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल एका पांढऱ्या बाटलीत काढा आणि पाच मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर किंवा मण्यासारखे थेंब दिसले तर टाकीही पूर्ण रिकामी करायला लागेल, नुसती वाटी साफ करून भागत नाही. इथेनॉलला चालतील असे रबरी भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आले. त्याआधीच्या, विशेषतः ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्यांची पेट्रोलची नळी हाताने दाबून पाहा. मऊ, चिकट किंवा उलट कडक होऊन तडकलेली असेल तर बदला. नळी किरकोळ किमतीची, पण फुटली की पेट्रोल थेट गरम इंजिनावर.

चेन. रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि जुना टूथब्रश, पुसून कोरडी, मग ९० नंबरचं गिअर ऑईल किंवा चेन स्प्रे. तेल चेनच्या आतल्या बाजूला सोडायचं, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं जाताना कड्यांतून जातं. ढील बहुतेक १०० ते ३५० सीसी गाड्यांना २० ते ३० मिमी असते, नेमका आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत. मोजताना चाक फिरवून चेन जिथे सगळ्यात ताठ होते तिथे मोजा. सैल जागेवर मोजून आवळली की ताठ जागी ती तारेसारखी ताणते आणि मागे डबलसीट बसल्यावर गिअरबॉक्सचं बेअरिंग ओरडायला लागतं. ‘चेन वाजते म्हणून जरा आवळून दिली’ या एका वाक्याने जितकी बेअरिंगं गेली असतील तितकी पावसाने गेली नसतील.

ब्रेकमध्ये दोन वेगवेगळे दोष शोधायचे. ड्रम असेल तर आत गंज आणि चिखलाची भुकटी साठलेली असते. ब्रेक एकदम पकडतो किंवा खर्रकन आवाज येतो. चाक काढून ड्रम कोरड्या फडक्याने पुसा, लायनरवर चमक आली असेल तर पॉलिश पेपर हलका मारा, आणि ब्रेकचा कॅम बाहेर काढून त्याला अगदी बोटावरचं ग्रीस लावा. जास्त लावलं तर तेच लायनरवर वितळतं. डिस्क असेल तर ब्रेक ऑईल पाहा. तेही ओल शोषतं. दोन वर्षांपेक्षा जुनं, चहासारखं तपकिरी झालेलं ऑईल लांब उतारावर तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकतो. सपाटीवर हा दोष कधीच कळत नाही, कळतो तो साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटाच्या उतारावर.

टायरचं नक्षीकाम सगळे पाहतात, वय कोणी पाहत नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडे लंबगोलात असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांपुढच्या टायरला भरपूर नक्षी असली तरी रबर कडक झालेलं असतं आणि भिंतीवर केसासारख्या भेगा असतात. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरायची, आणि डबलसीट असाल तर मागच्या चाकाला कंपनीने दिलेला डबलसीटचा आकडा.

सोबत घ्यायचं सामान फार नको, पण नेमकं हवं: प्लग आणि प्लग पाना, एक क्लच वायर, १०-१२-१४ चे पाने, पक्कड, फ्यूज, काळी टेप, बारीक तार, ट्यूबवाला टायर असेल तर ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि हातपंप. क्लच वायर अशी घ्या की आधी गाडीला लावून पाहिलेली आहे. दुकानदाराने ‘हीच बसते’ म्हणून दिलेली वायर चार सेंटीमीटर आखूड निघते ती घाटातच. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण घाटात रेंज जाते, तेव्हा आधी फोनमध्ये उघडून ठेवा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, आणि काच स्वच्छ. परतताना ऊन तिरपं डोळ्यावर येतं, तेव्हा ओरखडलेल्या काचेतून समोरचं काहीच दिसत नाही.

मैदानात: गाडी येताना पाहा

लवकर जाण्याचं खरं कारण गर्दी नव्हे. प्रदर्शनातल्या गाड्या मैदानात येतात तेव्हाच त्यांचं खरं रूप दिसतं. एकदा साइड स्टँडवर दोरीच्या आत उभी राहिली की गाडी म्हणजे रंग आणि क्रोम. कोणती गाडी स्वतःच्या पायाने आली आणि कोणती टेम्पोतून उतरली, कोणती थंड इंजिनाला दुसऱ्या-तिसऱ्या किकला उठली आणि कोणती चौघांनी ढकलून, हे साडेआठलाच कळतं. टेम्पोतून येण्यात कमीपणा नाही, कित्येकांची कागदपत्रं संपलेली असतात. पण फरक माहीत असावा.

धूर वाचायला शिका. चार-स्ट्रोक गाडीचा थंडीतला पांढरा धूर म्हणजे सायलेन्सरमधली वाफ, मिनिटभरात जातो. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑईल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेली. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. टू-स्ट्रोकमध्ये थोडा निळा धूर असणारच, तेल पेट्रोलबरोबर जळतं. तिथे ऐकायचं. रिकाम्या रेसवर बारीक किणकिण सिलिंडरमधून येते की खालून क्रँकमधून खडखड येते, एवढा कान तयार झाला तरी अर्धं प्रदर्शन वसूल.

बुलेटवाल्याला किक मारताना जवळून पाहा. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या, उजव्या पायाला गिअर असलेल्या बुलेटला जोर लागतो हा गैरसमज आहे. हेडलाइटच्या टोपणावर अँपिअर मीटर असतो. चावी लावून किक हळूहळू दाबली की काटा मायनसकडे झुकतो आणि पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क, उघडले की मध्यावर येतो. जाणकार माणूस काट्याकडे बघत किक घट्ट लागेपर्यंत आणतो, डावीकडची डिकॉम्प्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, छोटी दांडी दाबतो, किक बोटभर आणखी खाली सरकवतो, दांडी सोडतो, किकला पुन्हा वर येऊ देतो आणि मग अॅक्सिलेटर न फिरवता एकच सलग किक. पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे गेलेला असतो, म्हणून इंजिन उलटं फिरत नाही. हे न करता ताकदीने मारलेली किक उलटी आली की घोटा सुजतो. त्या गाडीच्या पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिमी असतं. फिलर गेज नसलेला बुलेटवाला तुम्हाला व्हिजिटिंग कार्ड घडी करून ते मोजून दाखवेल, आणि बहुतेकदा ते जमतंही.

दोन सायलेन्सर दिसले की नवखे ‘डबल सिलिंडर’ म्हणून मोकळे होतात. जावा-येझदीला दोन सायलेन्सर असतात पण सिलिंडर एकच. एकाच सिलिंडरला धूर जायला दोन दारं आहेत. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून १९९६ पर्यंत या गाड्या बनवल्या. तिची गंमत डाव्या पायाशी आहे: गिअरची दांडी तीच किकची दांडी. आत दाबून वर फिरवली की किक, सुरू झाली की परत खाली आणून गिअर. राजदूत ३५० मात्र खरोखर डबल सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने ती १९८३ मध्ये इथे आणली. पुढच्या चाकाला डिस्कऐवजी ड्रम दिला आणि इंजिनही मवाळ केलं. पहिल्या गाड्या साधारण ३० बीएचपीच्या, नंतरच्या २७. लोक ‘एचटी’ (हाय टॉर्क) आणि ‘एलटी’ (लो टॉर्क) म्हणतात ते हेच. साध्या राजदूतशी, म्हणजे १७३ सीसीच्या पोलिश वळणाच्या दुधवाल्या राजदूतशी, तिचा नावापुरताच संबंध.

सगळ्यात जास्त फसवाफसवी यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये. खरी गाडी ९८ सीसी, चार गिअर, ११ बीएचपी, १९८५ ते १९९६. मैदानात पाच गिअरची ‘आरएक्स १००’ दिसली तर ती नंतरची १३५ आहे, टाकीवर स्टिकर बदललेला. मालकाला ‘गिअर किती?’ एवढं विचारा, बोलणं आपोआप खरं होत जातं. रंग नवा, चाकाची रिम नवी, सीट नवी असेल तर काही बिघडत नाही. पण इंजिनचं अॅल्युमिनियम आरशासारखं घासून चमकवलेलं असेल तर तिथली मूळ ओतकामाची खरखर आणि खुणा पुसल्या गेल्या. आमच्या मते ती गाडी पॉलिश न केलेल्या, जराशा काळवंडलेल्या गाडीच्या मागेच उभी राहिली पाहिजे. परीक्षक बहुधा उलट ठरवतात.

एका कोपऱ्यात बजाज एम-८० किंवा लुना असेल, तिच्याजवळ कोणी नसेल. जरूर थांबा. कृष्णाकाठच्या दूध संघांपर्यंत चाळीस लिटरच्या किटल्या आरडीने नाही पोचवल्या. लुना १९७२ ची, फिरोदियांच्या कायनेटिकची, म्हणजे आपल्याच महाराष्ट्रातली. धडधाकट मूळ स्थितीतली एम-८० आज बुलेटपेक्षा दुर्मीळ, कारण ती जपायची असते हे कुणाला सुचलंच नाही.

रीतीभाती थोड्याच आहेत. विचारल्याशिवाय बसायचं नाही, क्लच-अॅक्सिलेटर ओढायचं नाही. किकला हात लावू नका, टाकीवर टेकू नका. पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन आणि खिशातली किल्ली हे टाकीचे तीन शत्रू. क्रोमवर बोट ठेवलं तर घामाचा ठसा उमटतो आणि न पुसता राहिला तर तिथेच गंजाचा ठिपका धरतो. मालक हातात फडकं घेऊन उभा असतो तो उगीच नव्हे. आणि ‘काका, किती देते?’ हा प्रश्न निदान प्रदर्शनात नको. ‘पार्ट कुठून मिळवले?’ विचारा, माणूस अर्धा तास बोलेल.

गाडी घ्यावीशी वाटली तर

वाटणारच. पण मैदानात टोकन देऊ नका. मालकाचा पत्ता घ्या आणि पुढच्या आठवड्यात न सांगता जा, म्हणजे आधी तापवलेलं नसलेलं थंड इंजिन पाहता येईल. जाताना लहान लोहचुंबक न्या, सुती फडक्यात गुंडाळून. टाकीवर, मडगार्डवर फिरवा. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली पुट्टी आहे. आणि चेसिस नंबर: हेड पाइपच्या बाजूला असतो, त्यावर पांढरा कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा येतो. आकड्यांची उंची, अंतर, वळण एकसारखं नसेल, किंवा आसपासचा पत्रा घासून सपाट केलेला असेल, तर गाडी कितीही देखणी असो, परत फिरा. आरसीवरचा नंबर, कर्जाचा बोजा, नोंदणीची मुदत परिवहनच्या संकेतस्थळावर तपासता येते.

नंबरप्लेट पुष्कळ बोलते. एमएच-११ सातारा, एमएच-१० सांगली, एमएच-५० कराड हे सगळ्यांना माहीत आहे, पण ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधीच्या नोंदणीला ‘एम’ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. म्हणून १९७८ ची गाडी आणि एमएच-११ असा मेळ दिसला तर ती मधे पुन्हा नोंदवली गेली आहे, कधी आणि का ते विचारा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं.

‘व्हिंटेज’ हा शब्द प्रत्येक तंबूत ऐकू येईल. कायद्यात त्याला अर्थ आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचं ५,०००, मुदत दहा वर्षं. पण त्या नंबरावर रोज भाजी आणायला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. आरएक्स १०० ला व्हिंटेज व्हायला अजून बराच काळ आहे, हे विक्रेत्याला हसत सांगा.

स्टॉलवर सुटे भाग घेताना एकच काळजी: मोठमोठे कार्बोरेटर आणि ‘फायरिंग’ वाढवणारे सायलेन्सर तिथे स्वस्त दिसतात. सायलेन्सर बदलणं दंडाचं कलम आहे, आणि पोलिसांनी जप्त सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यापेक्षा पॉइंट, कंडेन्सर, केबल, गास्केट असली रोजची पण दुर्मीळ झालेली वस्तू घ्या.

कुठला रस्ता

रविवार आणि फुलांचा हंगाम एकत्र असेल, म्हणजे साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात, तर दुपारी कासला जाऊ नका. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आल्यापासून सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते, तिकीट असतं, गाडी लांब लावावी लागते. मोटारसायकलचा क्लच आणि तुमचा डावा पंजा दोन्ही दुखायला लागतात. त्या काळात साताऱ्यातल्या समर्थ मंदिराकडून बोगद्यातून बाहेर पडा आणि सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर, पुढे चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार. ठोसेघर साताऱ्याहून सुमारे २६ किमी. उरमोडी धरणाचं पाणी एका बाजूला दिसत राहतं. वर पठारावर वारा आडवा मारतो. तो सलग नसतो, धक्के देतो, टेकाडाच्या आडून बाहेर आलात की एकदम. हँडल घट्ट आवळून धरलं की उलट गाडी जास्त हलते. खांदे सैल, गुडघे टाकीला आवळलेले, वेग पन्नासच्या आत. शंभर-सव्वाशे किलोच्या हलक्या गाडीला वारा सहज अर्धा मीटर सरकवतो, म्हणून रस्त्याच्या कडेला चिकटून चालू नका.

फुलं संपली की मात्र कासच. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तेरडा आणि सीतेची आसवं सरलेली असतात, कुठे कुठे सोनकीचा पिवळा राहिलेला असतो, आणि गवत उन्हात तांबूस सोनेरी. गर्दी गेलेली. यवतेश्वरचा घाट चढून सुमारे २५ किमीवर पठार, जरा पुढे कास तलाव, मग जंगलातून उतरत बामणोली, साताऱ्याहून एकूण ३५ किमीच्या आसपास, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर. परतीचा तोच रस्ता धरला तर सगळं मिळून ७० किमी, थांबत थांबत चार तास. टाकी साताऱ्यातच भरा. वर पंप मिळेल या भरवशावर रिझर्व्हवर निघू नका. पठारावर गवतात गाडी घालून फोटो काढायचा मोह आवरा. एका चाकोरीत दबलेल्या मातीत पुढच्या वर्षी काही उगवत नाही.

सांगलीकरांना साताऱ्यापर्यंत यायचं नसेल तर शिराळ्यावरून चांदोलीच्या दिशेला वारणेच्या काठाने जाणारा रस्ता किंवा पलूस-देवराष्ट्रेमार्गे सागरेश्वर, दोन्ही अर्ध्या दिवसाचे.

पोटाचं थोडक्यात: चढाच्या आधी भरपेट मिसळ नको, ऑक्टोबरच्या उन्हात झापड येते. झणझणीत ते परतल्यावर. कंदी पेढे मात्र जातानाच खिशात टाका, दुपारी तीनला उतरलेली साखर तेच सांभाळतात. पाणी माणशी दोन लिटर.

ऑक्टोबरात रस्त्यावर काय असतं

खड्डे दिसतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. न दिसणारं वेगळं आहे. पावसात डोंगरावरून आलेली बारीक खडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला साठलेली असते, म्हणून वळण रुंद घेऊ नका. जिथे कड्यातून अजून झिरपतं तिथे डांबरावर शेवाळाचा काळपट हिरवा पट्टा असतो. त्यावरून जाताना ब्रेक नाही, गिअर नाही, गाडी सरळ. आणि गावांच्या आसपास रस्त्यावर पसरलेलं सोयाबीन. अर्धा रस्ता धान्याचा, कडेने दगड मांडलेले. सोयाबीनचे दाणे टायरखाली बेअरिंगच्या गोळ्यांसारखे फिरतात, शेंगांचा कडबा तर सायलेन्सरला चिकटून धुमसतो. त्यावरून जाऊ नका. शेतकऱ्याचा माल आहे आणि पडणारे तुम्ही आहात. मागे आरशात पाहून वेग आधीच कमी करायचा आणि मोकळ्या अर्ध्यातून जायचं.

परतीचा पाऊस दुपारी तीननंतर येतो. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग वर चढताना दिसले आणि वारा एकाएकी पडला की तासाभरात वीज. पठारावर असाल तर तुम्हीच सगळ्यात उंच. झाडाखाली न थांबता खाली उतरायला लागा. पहिल्या दहा मिनिटांचा पाऊस सगळ्यात निसरडा, रस्त्यावरचं डिझेल आणि धूळ वर येते.

दिवाळीच्या आसपास कारखाने पेटले की ऊसवाहतूक सुरू होते. हा अंधाराच्या आधी परतण्यामागचा सगळ्यात मोठा मुद्दा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. समोरून येणाऱ्याच्या दिव्याने डोळे दिपतात तेव्हा हा ट्रॅक्टर तुमच्यापुढे दहा मीटरवर उभा असतो. ओलांडताना एक ट्रॉली संपली म्हणून आत घुसू नका, दुसरी असते.

उतार

अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने किंवा एक खालच्या गिअरने उतरा. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणाऱ्यांचे ब्रेक दुसऱ्या वळणाला वास मारायला लागतात. ब्रेक सतत चोळत ठेवायचा नाही. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठामपणे, मग सोडून वळण.

टू-स्ट्रोकवाल्यांना इथे वेगळी काळजी. येझदीसारख्या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, लिटरला ३० ते ४० मिली. आरएक्सला स्वतःचा ऑईल पंप असतो, पण तोही अॅक्सिलेटरच्या वायरलाच जोडलेला. दोन्हीत अॅक्सिलेटर बंद तर तेल तुटपुंजं. दोन-तीन किलोमीटरच्या उतारावर गाडी इंजिनाच्या ओढीवर सोडली की क्रँक वेगाने फिरतो आणि वंगण मात्र नाममात्र. पिस्टन चिकटतो तो अशाच वेळी. दर दहा-पंधरा सेकंदांनी क्लच दाबून हलकी रेस द्या आणि ब्रेकवर जरा जास्त विसंबा. मागचं चाक एकाएकी धरल्यासारखं वाटलं तर तत्क्षणी क्लच ओढा, गाडी कडेला घ्या, वीस मिनिटं थंड होऊ द्या. गरम इंजिनावर पाणी ओतू नका, सिलिंडरला चीर जाते.

गटाने असाल तर सहा-सात गाड्या पुरे. सपाटीवर आलटून-पालटून डावी-उजवी, घाटात एकामागे एक आणि तीन सेकंदांचं अंतर. सगळ्यात नवखा दुसऱ्या नंबरवर, सगळ्यात जाणता शेवटी, कारण बिघाड मागेच होतात. सामानही त्याच्याकडेच.

घरी पोचल्यावर चेनवर लगेच तेल सोडा. गरम चेन ते आत ओढते, सकाळची थंड चेन वरच ठेवते. आणि कार्बोरेटरवाली गाडी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून मगच आत जा. टू-स्ट्रोकमध्ये फ्लोटची सुई जरा जरी झिजलेली असेल तर रात्रभर पेट्रोल क्रँककेसमध्ये उतरतं, आणि सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला प्लग ओला, किक जड.